कुत्र्याच्या प्रशिक्षणाचा दाखला सक्तीचा आहे का?

प्रश्न : पुण्यातली आमची सोसायटी लॅब्रेडॉरच्या प्रशिक्षणाचा दाखला मागतेय. द्यावाच लागेल का?

उत्तर : नाही. आपल्याकडे तसा कायदा नाही. स्वित्झर्लंडने २००८ मध्ये श्वानमालकांनाच वर्ग सक्तीचे केले होते. २०१७ पासून देशपातळीवरची ती सक्ती उठली. तुम्हाला लागतो तो महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस टोचल्याचा दाखला. खरी जोखीम मात्र वेगळीच. पाळलेल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना पुरेशी काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यासाठी कुत्रा चावलेलाच असला पाहिजे असंही नाही. ‘आमचा काही करत नाही हो’ हे तिथे चालत नाही. लिफ्टचं दार उघडताना पट्टा आखूड धरा. शिकवणी लावणार असाल तर उत्तमच, फक्त तुम्हीही हजर राहा.