स्वेटरची स्पेसिफिकेशन शीट कशी करावी?

प्रश्न : लुधियानाच्या कारखान्यातून शाळेचे स्वेटर विणून घ्यायचे आहेत. फोटो आणि साइज पाठवले तर पुरेल ना?

उत्तर : नाही पुरणार. शिवलेल्या कपड्यात कापड तयार मिळतं. स्वेटरमध्ये कापडच तुमच्या ऑर्डरबरोबर जन्माला येतं. म्हणून आधी विणीचं लिहा, मापांचं नंतर. धाग्यात लोकर किती, ॲक्रिलिक किती? नंबर कोणता? २/३२ म्हणजे दुपदरी धागा, एका ग्रॅममध्ये साधारण १६ मीटर. मशीनचा गेज, म्हणजे एका इंचात किती सुया, तोही नोंदवा.

सगळ्यात महत्त्वाचा नमुन्याचा तुकडा. तो धुऊन, सपाट वाळवून, मगच १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजायला सांगा. समजा २८ टाके आले. पुढचा भाग ४८ सेंटिमीटर रुंद हवा असेल तर १३४ टाके, अधिक शिवणीचे. हीच मोजणी न धुता केली आणि वीण नंतर रुंदीत चार टक्के आटली, तर तोच भाग ४६ सेंटिमीटरवर येतो आणि मुलाच्या छातीला घट्ट बसतो.

छातीचं माप काखेखाली किती अंतरावर घ्यायचं तेही लिहा. प्रत्येक मापाला चालेल तेवढा फरक ठरवा आणि एका नगाचं वजन नक्की मागा. वीण सैल करून धागा वाचवला तर तो वजनातच पकडला जातो. गळा मात्र शाळकरी मुलांसाठी ताणून तपासा : डोकं सहज जायला हवं.