एलिमेंटरमधला 'फीचर्स' टॅब: 'ॲक्टिव्ह' करण्याआधी हे बघा

वरसे-रोह्यापासून पेणपर्यंत कुणाचा गणपतीचा कारखाना आहे, कुणाचे पोहे-पापड, कुणाचा कोलाडला नदीकाठी कॅम्प. वेबसाइट वर्डप्रेसवर, डिझाइन एलिमेंटरमध्ये आणि सांभाळणारे तुम्हीच. आजचा धडा तुमच्यासाठी. व्हिडिओत स्क्रीन दाखवली आहे, इथे त्यामागचं कारण सांगतो.

डॅशबोर्डवर एलिमेंटर, मग सेटिंग्ज, त्यात 'फीचर्स' टॅब. (आवृत्तीप्रमाणे जागा थोडी इकडेतिकडे होते.) २०२१ च्या सुरुवातीला ३.१ आवृत्तीत हे पॅनेल आलं, तेव्हा नाव होतं 'एक्स्पेरिमेंट्स', म्हणजे सरळसरळ प्रयोग. 'फीचर्स' म्हटलं की भीती कमी वाटते. मला विचाराल तर जुनंच नाव जास्त प्रामाणिक होतं.

कंपनीने हे पॅनेल का घातलं? लाखो साइट्स एका संपादकावर चालतात. नवी सोय एकदम सगळ्यांवर टाकली तर कुणाची ना कुणाची पानं विस्कटणार. म्हणून आधी ती बटणामागे ठेवायची, ज्याला हवी त्याने चालू करायची. प्रत्येक प्रयोगापुढे अल्फा, बीटा, स्टेबल असा शिक्का असतो आणि तीन पर्याय असतात: डिफॉल्ट, ॲक्टिव्ह, इनॲक्टिव्ह. डिफॉल्ट म्हणजे 'कंपनी ठरवेल ते'. ते पुढच्या अपडेटला बदलू शकतं, हे लक्षात असू द्या.

बहुतेक जण फक्त शिक्का बघतात. तो बघाच, पण त्याआधी एक प्रश्न विचारा: हा प्रयोग उद्या बंद केला, तर मी केलेलं काम शिल्लक राहील का?

दोन उदाहरणं घेऊ. 'इनलाइन फॉन्ट आयकॉन्स' हा प्रयोग फोन, व्हॉट्सॲप वगैरेंची चिन्हं अख्खी फॉन्ट-फाइल न आणता थेट पानात चित्र म्हणून टाकतो. पान हलकं होतं. नाही आवडलं, बंद करा. तुमचा मजकूर, फोटो, मांडणी जशीच्या तशी राहते.

आता 'कंटेनर'. मार्च २०२२ मध्ये ३.६ आवृत्तीत तो अल्फा म्हणून आला. आधी पानाची मांडणी सेक्शन आणि कॉलमवर व्हायची, याने तो पायाच बदलला. सोय उत्तम आहे, पुढे ती स्थिरही झाली. पण समजा अल्फा असताना कारखान्याच्या मूर्तींचं पान तुम्ही कंटेनरमध्ये बांधलं आणि नंतर प्रयोग बंद केला, तर ते पान जुन्या पद्धतीत परतत नाही. कंटेनरमधला मजकूर साइटवरून दिसेनासा होतो, आणि प्रत्येक वेळी परत मिळेलच असं नाही, अशी सूचना एलिमेंटर स्वतःच तिथे देतं. किती जण ती वाचतात, देव जाणे!

पहिल्या प्रकारचा प्रयोग म्हणजे दुकानाचा बल्ब बदलणं. दुसरा म्हणजे भिंत हलवणं.

शिवाय हे बटण अख्ख्या साइटला लागू होतं, एका पानापुरतं नाही. त्यामुळे 'ॲक्टिव्हेट ऑल' या बटणाला हात लावू नका. सगळं एकदम चालू केलं आणि मेनू मोडला, तर दोष कुठल्या प्रयोगाचा हे शोधताना दिवस जातो.

हे करा: होस्टिंगमध्ये स्टेजिंगची सोय असेल तर साइटची कॉपी काढा आणि प्रयोग तिथे करा. ती नसेल तर पूर्ण बॅकअप घ्या, फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही, आणि तो कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा. मग एकच प्रयोग चालू करा. एलिमेंटरच्या टूल्समधून सीएसएस फाइल्स नव्याने बनवा, कॅशे साफ करा आणि साइट मोबाइलवर उघडा. गिऱ्हाईक तिथूनच येतं. ऑर्डरचा फॉर्म स्वतः भरून बघा, फोनचं बटण दाबून बघा. दोन-चार दिवस ठीक चाललं, की पुढचा प्रयोग.

आणि वेळ बघा. पेणच्या मूर्ती परदेशी जायला गणेशोत्सवाच्या कितीतरी महिने आधी निघतात, म्हणजे चौकशी त्याहून आधी सुरू होते. त्या दिवसांत हा टॅब उघडूच नका. कॅम्पवाल्यांनी सलग सुट्ट्यांच्या आठवड्यात तेच पाळावं. गणपती विसर्जनानंतरचे दिवस कारखानदारांना प्रयोगासाठी बरे.

स्टेजिंग कॉपी कशी काढायची, ते पुढच्या व्हिडिओत करून दाखवतो. तोवर आपला 'फीचर्स' टॅब उघडून आत्ता काय काय ॲक्टिव्ह आहे, त्याचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवा.