इंग्रजी अभिवादन व परिचय

इंग्रजीचें पहिलें पुस्तक नुकतेंच हातीं घेतलेल्या मुलास एखादा पाहुणा 'हाऊ डू यू डू?' असें म्हणतो, आणि मी काय करितों तें यास कोणत्या शब्दांत सांगावें, या विचारानें मुलगा गोंधळतो. वस्तुतः हा प्रश्नच नव्हे. प्रथम भेटीचें तें शिष्टाचाराचें वाक्य असून, तेंच परत म्हणणें हें त्याचें उत्तर होय. हल्लीं तें क्वचितच कानीं पडतें. त्याच्या जागीं 'नाइस टु मीट यू' म्हणतात. 'हाऊ आर यू?' हा मात्र प्रश्न खरा. परंतु त्यासहि 'आय अ‍ॅम वेल, थँक यू' एवढें पुरे. पडशाखोकल्याची हकीकत तेथें कोणास नको असते.

दुपारीं बारापर्यंत 'गुड मॉर्निंग', पुढें 'गुड आफ्टरनून', दिवस कलल्यावर 'गुड ईव्हनिंग'. 'गुड नाइट' हें निरोपाचें वाक्य आहे. रात्रीं आठ वाजतां सभेंत शिरणाऱ्यानें तें उच्चारल्यास हा आला कीं निघाला, असें लोकांस वाटेल.

स्वतःचें नांव सांगतांना 'मायसेल्फ' म्हणण्याची खोड आपल्याकडे फार पसरली आहे. 'माय नेम इज' किंवा 'आय अ‍ॅम' म्हणून नांव सांगावें. आपल्याच नांवामागें आपण 'श्रीयुत' लावीत नाहीं, तसें 'मिस्टर'हि लावूं नये. दुसऱ्यास लावितांना तें आडनांवास लावावें: 'मिस्टर पवार', 'मिस्टर गणपत' नव्हे.

आतां आदराविषयीं. मराठींत तूं, तुम्ही, आपण अशा पायऱ्या आहेत. इंग्रजींत सर्वांस एकच 'यू'. जुन्या इंग्रजींतील सलगीचें 'दाउ' आतां प्रार्थनेंत व जुन्या काव्यांत तेवढें उरलें आहे. आपण 'पुस्तक द्या' म्हणतों तेव्हां त्या 'द्या'मध्येंच आदर असतो. 'गिव्ह मी द बुक' यांत तो नाहीं. ती आज्ञा झाली. मुलास वाटतें आपण नम्रपणें बोललों, आणि ऐकणारा मनांत दुखावतो. म्हणून 'प्लीज' व 'मे आय' यांवांचून कांहीं मागूं नये.

तिसऱ्याचा परिचय करून देतांना साधारणतः लहानाचें नांव मोठ्यास आधीं सांगतात. येथें पालकांसाठीं थोडें लिहितों. इंग्रजी येत नाहीं म्हणून कित्येक माता शाळेच्या दाराबाहेरच उभ्या राहतात, आणि हळूहळू मुलालाहि त्या बाहेरच बऱ्या वाटूं लागतात. व्याकरणाच्या कोणत्याहि चुकीहून हें मला अधिक बोंचतें. मुलानें आईस आंत आणावें आणि 'सर, धिस इज माय मदर' असें स्पष्ट म्हणावें. आईनें हात जोडून 'नमस्कार' म्हणावा. शिक्षकांस मराठी येतें.

राहिला निरोप. 'गुड-बाय' हा 'देव तुम्हांबरोबर असो' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी वाक्याचा सोळाव्या शतकाच्या सुमारास झालेला संक्षेप आहे. आपल्याकडे निघतांना 'जातों' म्हणणें अशुभ मानून 'येतों' म्हणतात. पण 'आय कम, सर' म्हणून दाराकडे चालूं लागणारा विद्यार्थी इंग्रज माणसास कोड्यांत टाकील. 'गुड-बाय, सर' म्हणावें आणि निघावें.