कार्बाइडची टिप आणि साखरेचा पाक



बेळगावच्या उद्यमबागेतून जाताना लेथचा आवाज कानी पडला नाही असे सहसा घडत नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ज्या नगरात सायकलीचे दुकान मांडले, त्या नगराची यंत्रांशी असलेली सोयरीक जुनीच म्हणावयाची. आपल्यापैकी कित्येकांचे वडील, काका अथवा थोरले बंधू आजही लेथवर उभे राहतात. फिरत्या लोखंडाची साल सोलून काढणाऱ्या त्यांच्या हत्याराच्या टोकास नखाएवढा करडा तुकडा बसविलेला असतो. कारागीर त्यास 'कार्बाइडची टिप' म्हणतात. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. तथापि पोलादासही कापणारा हा तुकडा बनतो तरी कसा, या कुतूहलाने आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही. जे समजले ते येथे मांडीत आहोत.

टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयोगाने टंगस्टन कार्बाइड होते. ते अत्यंत कठीण, पण ठिसूळ असते. त्यास वितळवून साच्यात ओतावे म्हटले, तर २,७०० अंश सेल्सियसहून अधिक उष्णता हवी. ही अडचण बर्लिनच्या ओस्राम कंपनीतील कार्ल श्र्योटर यांनी १९२३ च्या सुमारास दूर केली. त्यांनी कार्बाइडच्या बारीक भुकटीत कोबाल्ट धातूची थोडी भुकटी मिसळली, मिश्रण दाबून त्यास आकार दिला आणि ते भट्टीत तापविले. पुढे जर्मनीतील क्रुप कंपनीने हा पदार्थ 'विडिया' या नावाने बाजारात आणला. 'हिऱ्यासारखा' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते नाव घेतले होते.

भट्टीत काय घडते, हे समजण्यासाठी स्वयंपाकघरात चला. पाण्यात साखर घालून ढवळा. काही साखर विरघळते आणि पुढे एक मर्यादा येते. मग कितीही ढवळा, उरलेली तळाशीच राहते. पाणी तापवा, म्हणजे आणखी साखर विरघळेल. हा दाट पाक सावकाश निवू दिला, की जादा झालेली साखर उरलेल्या खड्यांवर पुन्हा बसते. खडीसाखर अशीच तयार होते. अमुक उष्णतेला अमुक द्रवात किती पदार्थ सामावतो, त्या मर्यादेस विद्राव्यता म्हणतात.

कार्बाइडच्या भट्टीत साखरेच्या जागी कार्बाइड आणि पाण्याच्या जागी कोबाल्ट असते. एकट्या कोबाल्टला वितळण्यास १,४९५ अंश लागतात. परंतु कार्बाइडच्या सहवासात सुमारे १,३०० अंशांनंतरच द्रव दिसू लागतो. मिठामुळे बर्फ लवकर वितळते, त्यातलाच हा प्रकार. भट्टी सामान्यतः १,४०० अंशांच्या आसपास ठेवतात. द्रव कोबाल्ट कणाकणांच्या फटींत शिरते आणि कणांना जवळ ओढते. तुकडा लांबी-रुंदीत सुमारे एक षष्ठांशाने आक्रसतो. त्याच वेळी कार्बाइडचा काही अंश कोबाल्टमध्ये विरघळतो व निवताना पुन्हा कणांवर चढतो. विशेष हे, की कार्बाइड कोबाल्टात विरघळते, पण कोबाल्ट कार्बाइडच्या कणात जवळजवळ शिरत नाही. म्हणून कणांचा कठीणपणा अबाधित राहतो आणि भोवतालच्या कोबाल्टमुळे तुकड्यास चिवटपणा येतो.

हा समतोल मात्र फार नाजूक आहे. टंगस्टन कार्बाइडमध्ये वजनाने सुमारे ६.१ टक्के कार्बन असावा लागतो. तो किंचित अधिक झाला, तर शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइटासारखे मऊ काळे ठिपके उमटतात. किंचित उणा झाला, तर कोबाल्ट, टंगस्टन आणि कार्बन यांचा 'ईटा' नावाचा तिसराच ठिसूळ पदार्थ निर्माण होतो; तो चिवट कोबाल्ट गिळून टाकतो आणि टिपेचा कपचा उडतो. हा दोष डोळ्यांना दिसण्याआधी चुंबकत्वावरून ओळखता येतो. कोबाल्ट चुंबकीय आहे. कार्बन उणा असला, म्हणजे त्यात टंगस्टन अधिक विरघळते आणि त्याचे चुंबकत्व घटते. तुकडा न फोडता परीक्षा होते!

विद्राव्यतेचा शेवटचा धडा कारखान्यातील माणसासाठी आहे. बोथट टिप चाकावर घासताना कार्बाइडची आणि कोबाल्टची बारीक धूळ उडते. ती श्वासाबरोबर फुप्फुसात जाते. तेथे कार्बाइड फारसे विरघळत नाही, पण कोबाल्ट शरीराच्या द्रवांत उतरते. अशा धुळीमुळे काही कामगारांना फुप्फुसाचा गंभीर विकार जडतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कोबाल्ट व टंगस्टन कार्बाइड यांच्या मिश्र धुळीस 'मानवास बहुधा कर्करोगकारक' ठरविले आहे. हत्यार थंड ठेवण्याच्या पाण्यातही कोबाल्ट हळूहळू उतरते. म्हणून ते पाणी वेळोवेळी बदलावयास हवे. धूळ ओढून घेणारा पंखा, योग्य मुखपट्टी आणि जेवणापूर्वी स्वच्छ धुतलेले हात, एवढे तरी असलेच पाहिजे.

तेव्हा मित्रहो, आज सायंकाळी घरी गेल्यावर वडिलांना दोन प्रश्न विचारा. टिप कशाची आहे, हा पहिला. आणि ती घासताना तुम्ही तोंडावर काय बांधता, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आता तुम्हांसही देता येईल. दुसऱ्याचे उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर हा धडा त्यांना अवश्य वाचून दाखवा.