बेताचे गुण आणि नर्सिंगचे शिक्षण

बारावीला पंचेचाळीस टक्के पडले की आपल्या वस्तीत मुलीचे शिक्षण संपल्यासारखे बोलतात. अशा पालकांना आम्ही १९०७ सालची आठवण देतो. त्या वर्षी मॅट्रिकला बाबासाहेबांना ७५० पैकी २८२ गुण होते.

जनरल नर्सिंगच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची बारावी इंग्रजीसह व किमान ४० टक्के गुण चालतात. आत गेल्यावर मात्र लेखी व प्रात्यक्षिकात वेगवेगळे ५० टक्के लागतात. पस्तीसवर सुटण्याची सवय तेथे बुडविते. मराठी माध्यमाच्या मुली पहिल्या वर्षी अडतात त्या बुद्धीने नव्हे, शब्दांनी. 'हृदय' ठाऊक असते, 'कार्डिॲक' नवे असते. रोज दहा शब्द अर्थासह वहीत उतरवून मोठ्याने वाचावेत.

दुसरी भीती गणिताची. पण ते प्राथमिक शाळेतलेच असते. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचे, संचातून एका मिलीचे १५ थेंब पडतात. ५०० गुणिले १५, भागिले २४० मिनिटे. म्हणजे मिनिटाला ३१ थेंब. आमच्या बँकेत चुकलेला आकडा संध्याकाळी कॅश जुळविताना सापडतो. वॉर्डात तोवर उशीर झालेला असतो, म्हणून दोनदा तपासावे.

महावग्गात भगवंतांनी रुग्णसेवकाचे पाच गुण सांगितले आहेत: औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र-वांतीची किळस न येणे आणि धम्माच्या बोलांनी धीर देणे. पहिले दोन पुस्तकातून येतात. चौथा वॉर्डातच कळतो, आणि तेथे पंचाण्णव टक्केवालीही पहिल्या दिवशी तोंड फिरविते.