गार सकाळी मोटार का कण्हते?

किल्ली फिरवली की इंजिन नुसते कण्हते, पण बॅटरीला व्होल्टमापक लावावा तर तो १२.६ व्होल्ट दाखवतो! म्हणजे बॅटरी निर्दोष? थांबा. मापक पाहताना बॅटरीतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. स्टार्टर मोटर मात्र, समजा, १५० अँपिअर ओढते. चांगल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम धरा, १.५ व्होल्ट आतच खर्ची पडतात. जुनीचा ०.०३ धरला तर ४.५ जातात, मोटरीला उरतात ८.१. थंडीने हा रोध आणखी वाढतो, शिवाय इंजिनातले तेल घट्ट होते.

म्हणून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून मोठ्या माणसाला किल्ली फिरवू द्या आणि त्याच वेळी मापक वाचा. आकडा ९ च्या खाली कोसळला तर बॅटरीवर संशय घ्या. आकडा १२ च्या आसपास टिकला, तरी मोटर मंदच? मग मापकाचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरे तिच्यावरच्या पकडीवर टेकवा. किल्ली फिरवताना अर्धा व्होल्ट दिसला, तर जोड गंजला आहे. हा रोध जेमतेम ०.००३ ओहम, साध्या ओहममापकाला तो पकडता येत नाही! जोड घासून साफ करावा.

मोटर जोमाने फिरूनही इंजिन पेटत नसेल, तर इंधन व ठिणगी तपासावी.