‘बाहेरून आणा’ म्हणजे नेमके काय?

सरकारी रुग्णालयात डॉक्टर तपासतात, केसपेपरवर औषध लिहितात आणि खिडकीवर उत्तर मिळते, ‘स्टॉक नाही, बाहेरून आणा.’ तपासणी फुकट, पण औषधाला दिवसाची मजुरी जाते. म्हणून रुग्णालयाचा औषधसाठा आणि त्याचा खर्च कसा सांभाळतात, हे आपण समजून घेऊ.

पैसा कमी पडला म्हणूनच औषध संपते असे नाही. प्रत्येक रुग्णालयाने सुटी खरेदी केली की भाव चढा लागतो. हिशेब नसला की एका ठिकाणी मुदत संपलेली खोकी पडून राहतात आणि दुसरीकडे तेच औषध मिळत नाही.

तमिळनाडूने १९९४ साली यासाठी वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले. आवश्यक औषधांची यादी ठरवून, कंपनीच्या नव्हे तर औषधाच्या मूळ नावाने, साऱ्या राज्यासाठी एकत्र निविदा काढतात. मागणी मोठी, म्हणून भाव उतरतो. माल जिल्ह्याच्या गोदामात येतो आणि नमुने प्रयोगशाळेत तपासल्यावरच वाटला जातो. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक असते. उचललेल्या औषधाची रक्कम त्यातून वजा होते. त्यामुळे लागते तेच मागवले जाते.

रुग्णालयाच्या आतही तीन नियम पाळावे लागतात :

१. सर्पदंशावरील औषध, इन्शुलिन अशी जीव वाचवणारी औषधे संपू द्यायची नाहीत.
२. सर्वांत जास्त पैसा ज्या थोड्या वस्तूंवर जातो, त्यांचा हिशेब वारंवार तपासायचा.
३. ज्याची मुदत आधी संपते, ते आधी वापरायचे.

महाराष्ट्रात २०२३ साली वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. महापालिकेच्या रुग्णालयांचे नियम वेगळे असतात, हे लक्षात ठेवा.

आपण काय करावे?

बाहेरची चिठ्ठी मिळाली तर ‘याच गुणाचे दुसरे औषध इथे आहे का?’ असे डॉक्टरांना विचारा. नसेल तर मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा. चिठ्ठी व पावती जपून ठेवा. वस्तीतील अशा चिठ्ठ्या एकत्र करून वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. माहिती अधिकारात शिल्लक साठा आणि मुदतबाह्य औषधांची यादी मागता येते. एकट्या रुग्णाला ‘आज संपले’ म्हणून परत पाठवता येते. तारखांसह दिलेल्या अर्जाला मात्र साठ्याची वही उघडूनच उत्तर द्यावे लागते.